भीमेच्या खोऱ्यातून गोदावरीच्या खोऱ्यात : अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्गाची पाहणी

सोमवार : अहिल्यानगर ते बीड

अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, तेव्हा मी पाटबंधारे खात्यात कालव्यांच्या आखणीचे काम करत होतो. ही रेषा बालाघाट डोंगररांगेची धार नेमकी कशी ओलांडणार, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून होता. कालवा आणि रेल्वे ही दोन्ही कामे उताराच्या हुकमतीत चालतात. कालव्याला पाणी वाहण्यापुरता उतार लागतो आणि तो जरा जास्त झाला की तळ खरवडून निघतो. रेल्वेला तर चढ जवळजवळ नकोच असतो. रस्ता बांधणारा माणूस घाटात वळणे घालून विसाला एक असा चढही गाडीकडून चढवून घेतो, पण कालव्याच्या आणि रेल्वेच्या माणसाला डोंगराचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते.

बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. पावसाळा सरल्यावर, रस्त्यांवर ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर दिसू लागले त्या दिवसांत, मी पुतण्याला बरोबर घेऊन निघालो. तो रेल्वेच्या बांधकामांवर साइट इंजिनीअर आहे, मात्र या मार्गावर त्याने कधी काम केलेले नाही, त्यामुळे दोघांनाही ही रेषा नवी होती.

अहिल्यानगरहून सकाळची डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी प्रवासी गाडी निघाली आणि थोड्याच वेळात नारायणडोह मागे पडले. कामाचा पहिला तुकडा इथपर्यंतचाच, सुमारे १२ किलोमीटरचा होता. त्यापुढे सोलापूरवाडी, कडा आणि आष्टी अशी रेषा पुढे सरकत गेली आणि आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरांवर २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवासी गाडी धावली. आष्टी ते बीड या टप्प्यातील उरलेले शंभरेक किलोमीटर मिळून बीडपर्यंतचे अंतर सुमारे १६७ किलोमीटर भरते. रस्त्याने गेल्यास ते बरेच कमी पडते आणि डब्यातील काही प्रवासी यावर नाराजीही व्यक्त करत होते. मला मात्र हा फेर समजून घेण्यासारखा वाटतो.

अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि बीड सुमारे ५१५ मीटरवर. केवळ हे दोन आकडे पाहिले तर गाडी उतरतच जाते असे वाटेल. पण मधे बालाघाटाचे पठार आडवे पसरलेले आहे आणि ते नुसते उंच नाही, तर दोन मोठ्या खोऱ्यांमधला दुभाजक आहे. पाटोदा तालुक्यातील या पठारावर पडलेल्या पावसाच्या तीन वाटा होतात. विंचरणा सौताड्याला कड्यावरून कोसळून सीनेकडे, म्हणजे भीमेच्या आणि शेवटी कृष्णेच्या खोऱ्यात जाते. सिंदफणा उत्तरेला वळून गोदावरीला मिळते. आणि याच तालुक्यात उगम पावलेली मांजरा पूर्वेला निघून शेकडो किलोमीटरांचा वळसा घेऊन अखेर गोदावरीलाच मिळते. नारायणडोह, कडा, आष्टी हा सारा प्रदेश सीनेच्या बाजूचा, बीड सिंदफणेच्या बाजूचे. त्यामुळे ही रेषा कुठूनही आखली तरी तिला हा दुभाजक एकदा चढून उतरावाच लागतो, आणि या मार्गातील अवघड म्हणावे असे बहुतेक काम या चढण्या-उतरण्यात साठलेले आहे.

रेल्वेला चढ का सोसत नाही, हे समजायला थोडा हिशेब पुरतो. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण इतके कमी असते की सपाटीवर एक टन वजन ओढत ठेवायला दोन-तीन किलोंची ओढ पुरते. रेल्वे स्वस्त पडते ती याच गुणामुळे. मात्र शंभर मीटरला एक मीटर असा चढ लागला की प्रत्येक टनामागे आणखी दहा किलो ओढ लागते, म्हणजे इंजिनावरचा भार एकदम चौपट-पाचपट होतो. वळणावर चाकांची घासणी वाढते, म्हणून वळण जितके तीव्र तितका तिथला चढ आणखी सौम्य करावा लागतो. ब्रॉडगेजवर, म्हणजे रुंद रुळांच्या मार्गावर, वळणाच्या तीव्रतेच्या दर अंशामागे ०.०४ टक्के चढ कमी धरण्याची पद्धत आहे. स्थानकाच्या आवारात उभे केलेले डबे आपोआप घरंगळू नयेत म्हणून तिथे उतार चारशेला एक याहून जास्त ठेवता येत नाही, आणि नव्या स्थानकांसाठी तो बाराशेला एक असावा अशी अपेक्षा असते. चढ सौम्य, वळण मोठे, स्थानक सपाट, या तिन्ही अटी सांभाळत डोंगर ओलांडायचा म्हणजे रेषा लांबते. आणि जिथे लांबवूनही भागत नाही तिथे डोंगर कापावा लागतो किंवा दरी भरावी लागते.

आष्टी सोडल्यानंतर खिडकीबाहेर हेच दिसत राहिले. दोन्ही बाजूंना कापलेल्या खडकाच्या भिंती उभ्या राहतात, उजेड कमी होतो, आणि त्यातून बाहेर पडताच गाडी एकदम झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर येते, कारण खाली उंच भराव असतो. पुन्हा कटिंग, पुन्हा भराव. कटिंगमधून निघालेला मुरूम आणि दगड जवळच्या भरावात जिरावा, फार लांब वाहून न्यावा लागू नये, असा मेळ आखणी करताना घालायचा असतो. हा मेळ नीट बसला की डंपरच्या फेऱ्या वाचतात आणि मार्गालगतच्या टेकड्याही विनाकारण खणल्या जात नाहीत. कोकण रेल्वेचे बोगदे आणि पूल सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण मातीकामाला कोणी दाद देत नाही याचे वाईट वाटते, कारण बालाघाटासारख्या प्रदेशात रेल्वे खऱ्या अर्थाने मातीवरच उभी असते.

दुपारी बीडला उतरलो. आमच्यासमोर बसलेल्या एका बाईंनी कडा गावच्या माहेराहून आणलेली दोन पोती सांभाळून खाली घेतली. पूर्वी हे ओझे घेऊन एस.टी. बदलावी लागत असे, असे त्या पुतण्याला सांगत होत्या.

मंगळवार : रायमोहा आणि अमळनेरच्या बाजूला

सकाळी जीप ठरवून आम्ही आलो त्याच रेषेच्या कडेकडेने मागे गेलो. नवगण राजुरी ओलांडून रायमोह्याच्या बाजूला, तिथून पुढे पाटोदा तालुक्यातील अमळनेरच्या दिशेने. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरता येत नाही, म्हणून जिथे रस्ता वरून जातो तिथले पूल आणि शेतांचे बांध एवढ्यावरूनच पाहणी केली. पण कटिंग समजून घ्यायला वरून पाहणेच अधिक सोयीचे असते.

एका रस्त्याच्या पुलावर आम्ही बराच वेळ थांबलो. खाली कापलेला खडक थरांनी उघडा पडला होता. सर्वांत खाली काळसर, घट्ट, आडव्या-उभ्या भेगांचा बेसाल्ट. त्यावर वाफेच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिलेला आणि त्या पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेला ठिसूळ खडक. त्यावर हातभर जाडीचा विटेच्या रंगाचा तांबडा थर, आणि पुन्हा घट्ट बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग हवा-पाण्याने कुजून माती झाला, आणि नंतरच्या लाव्हाने तो भाजून काढला. हा तांबडा थर दिसायला सुरेख, पण अभियंत्याच्या दृष्टीने तीच सगळ्यांत मोठी चिंता. घट्ट बेसाल्ट जवळजवळ उभा कापला तरी टिकतो, मुरूम मात्र बराच तिरपा कापावा लागतो. तांबडा थर पाण्याने भिजला की हळूहळू गळतो आणि त्याच्या वरचा घट्ट खडक अधांतरी राहून कधीतरी शिळेसारखा खाली येतो. पुतण्याने बोटाने दाखवले. खाली त्या थराच्या पायथ्याशी लाल चिखलाचा एक लहानसा ओघळ वाळून कडक झाला होता आणि त्याच्या वरच्या खडकाची कड टीचभर पुढे आली होती.

“काका, इथे टप्पा ठेवलेला दिसतोय,” तो म्हणाला. कापलेल्या भिंतीला मध्येच एक आडवी पायरी ठेवतात, म्हणजे वरून सुटलेला दगड थेट रुळावर न येता त्या पायरीवर अडतो. पायरीच्या आतल्या कडेला पाण्याची चर असावी लागते आणि कटिंगच्या माथ्यावर, काठापासून थोडे मागे, आणखी एक चर खणून माळावरचे पाणी आत येण्याआधीच बाजूला वळवावे लागते. कालव्याच्या कामात आम्ही तिला पाणचर म्हणायचो. ती दिसायला एवढीशी असते, उद्घाटनाच्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत रेल्वे चालू राहते की थांबते हे बरेचसे तिच्यावर ठरते.

पावसाची गोष्ट इथे नुसती पुस्तकी नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आणि मराठवाड्यातल्या अनेक नद्यांना मोठे पूर आले, आष्टी तालुक्यातही पाण्याने मोठे नुकसान केले. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा टापू वर्षाचा बराचसा पाऊस काही थोड्या दिवसांत झेलतो. रेल्वेचे पूल बांधताना साधारणपणे ५० वर्षांतून एकदा येईल एवढा पूर धरून पाण्याची वाट ठेवतात, मोठ्या महत्त्वाच्या पुलांना १०० वर्षांचा पूर धरतात. मोठ्या नद्यांवर हा हिशेब काळजीपूर्वक होतो. अडचण येते ती ज्यांना नावही नाही अशा ओढ्यांची. वर्षभर कोरडा असलेला ओढा पाहून पाहणाऱ्याला त्याची रुंदी लहान वाटते, पण त्याच्या वरची सगळी जमीन मुरमाड, उघडी आणि उताराची असते, आणि ढगफुटीसारख्या पावसात तिच्यावरचे पाणी थोड्याच वेळात एकवटते.

एका शेताच्या बांधावर भेटलेल्या वयस्क शेतकऱ्याने हेच आपल्या शब्दांत सांगितले. त्यांच्या गावाची वाट आता भरावाखालच्या भुयारी मार्गातून जाते आणि पावसाळ्यात त्या मार्गात पाणी साचून राहते. “रेल्वी आली ते लई चांगलं झालं बगा,” ते म्हणाले, “पर पाणी कंच्या बाजूनं येतंय ते आमाला इचारलं असतं, तर दोन हात वरून काढलं असतं.” मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले. गावरस्ता रुळांच्या खालून न्यायचा असेल तर तो भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली जातो आणि त्यातले पाणी काढून द्यायला आणखी खालच्या पातळीवर ओढा किंवा नाली मिळावी लागते. ती कुठे मिळेल हे नकाशावर शोधता येते, पण ज्याने तीस-चाळीस पावसाळे तो माळ पाहिला आहे त्याला ते तोंडपाठ असते. फाटक नको म्हणून भुयारी मार्ग, हा निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की आखणीच्या काळात प्रत्येक गावात एक दिवस केवळ पाण्याची चौकशी करण्यासाठी दिला गेला पाहिजे आणि तिची नोंद नकाशावर आली पाहिजे.

संध्याकाळी बीडला परतलो.

बुधवार : वडवणी, तेलगाव

बीडपासून पूर्वेला जमिनीचा पोत बदलतो. बालाघाटाची धार उजव्या हाताला, दक्षिणेकडे सरकते, रेषा तिच्या पायथ्याने जाते, आणि मुरमाच्या जागी काळी माती येते. कापूस वेचणीला आलेला होता, ज्वारी हातभर वाढली होती. शेतकऱ्याला जिचा अभिमान वाटतो ती ही काळी जमीन रेल्वेच्या माणसाला नकोशी असते, आणि ते समजण्यासाठी उन्हाळ्यात या रानातून चालून पाहावे. माणसाचा पाय आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. तिच्यातील चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. हलक्या इमारतींच्या भिंती तिच्यावर तडकतात. भरावाखाली ती असली तर भराव दर वर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खाली बसतो, आणि रुळांची पातळी बिघडत राहते. या मातीवर आयआयटी मुंबईतील आर. के. कट्टी यांनी केलेले संशोधन आम्ही कालव्यांच्या कामात वापरत असू. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर दाबून बसवला की खालच्या मातीचे फुगणे आवरते, असे त्यांनी दाखवून दिले. कालव्यांना याचा फार मोठा उपयोग झाला. रेल्वेच्या भरावांतही तत्त्व तेच की काळी माती वर येऊ द्यायची नाही आणि तिच्यापर्यंत पाणी पोहोचू द्यायचे नाही.

वडवणीच्या पुढे एका ठिकाणी भरावाचे काम चालू होते. पुतण्याने ओळख सांगितल्यावर तिथल्या तरुण अभियंत्याने आम्हाला हेल्मेट देऊन जवळ येऊ दिले. मुरूम सुमारे ३० सेंटिमीटर जाडीच्या थरात पसरायचा, ग्रेडरने सारखा करायचा, टँकरने पाणी मारायचे आणि व्हायब्रेटरी रोलर फिरवायचा. मग तो थर तपासून पास झाला की वरचा. पाणी किती मारायचे हा यातला नाजूक भाग. कोरडा मुरूम कितीही दाबला तरी कणांच्या मधली हवा निघत नाही. पाणी जास्त झाले तर तेच जागा अडवते आणि रोलरखाली माती रबरासारखी हलते. पेरणीसाठी शेतकरी जसा वाफसा येण्याची वाट पाहतो, तसाच दाबणीसाठी मातीला एक ठरावीक ओल यावी लागते आणि ती प्रयोगशाळेत आधी मोजून ठेवलेली असते.

तपासणी करणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. दाबलेल्या थरावर त्याने मधोमध भोक असलेली चौकोनी पत्र्याची थाळी ठेवली, छिन्नी-हातोडीने त्या भोकातून वीतभर खोल गोल खड्डा काढला, आणि निघालेल्या मुरमाचा कणन्‌कण, अगदी ब्रशने झटकून, डब्यात गोळा केला. मग एका नळकांड्यातून एकसारखी चाळलेली कोरडी वाळू त्या खड्ड्यात सोडली. किती वाळू गेली त्यावरून खड्ड्याचे आकारमान कळते, निघालेल्या मुरमाचे वजन तर काट्यावर आहेच. त्यावरून घनता निघते. प्रयोगशाळेत मिळालेल्या जास्तीत जास्त घनतेच्या ९८ टक्के भरली तरच पुढचा थर टाकता येतो. वाळू सोडताना त्याने रोलरच्या चालकाला हात करून थांबवले, कारण जवळ रोलर चालला की त्या हादऱ्याने वाळू जास्त बसते आणि आकडा खोटा येतो. चालकही काही न बोलता थांबला. ज्या कामावर तपासणीसाठी यंत्र थांबते त्या कामावर माझा विश्वास बसतो, आणि तो मी त्या मुलाजवळ बोलूनही दाखवला.

भरावाच्या माथ्याची रुंदी ७.८५ मीटर, बाजूंचा उतार एका मीटर उंचीला दोन मीटर पसरेल असा. म्हणजे दहा मीटर उंचीच्या भरावाचा पायाच जवळपास ४८ मीटर रुंद होतो. जमीन किती जाते याचा अंदाज एवढ्यावरून येईल. या मार्गाचा मूळ खर्च ३५० कोटींच्या आसपास होता, आता तो ४,८०५ कोटींवर गेला आहे. खर्चाचा निम्मा वाटा राज्याने उचलायचा असे ठरल्यानंतर आणि दोन्हीकडून पैसे नियमित मिळू लागल्यानंतरच कामाला खरा वेग आला. दरम्यान २०१३ चा भूसंपादन कायदा आला आणि मोबदल्याचे गणित बदलले. ते बदलणे शेतकऱ्याच्या बाजूने न्यायाचेच होते. परंतु दर वर्षी थोडासा निधी, थोडेसे काम, ही पहिल्या दोन दशकांची रीत अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही घातक ठरते, हे इथे सांगितले पाहिजे. अर्धवट राहिलेला भराव पावसाने चिरत जातो, त्यावर बाभळी उगवतात, त्यांची मुळे आत शिरतात, आणि पुन्हा काम सुरू करताना वरचा भाग खरवडून काढावा लागतो. एकदा केलेल्या कामाचा काही भाग दुसऱ्यांदा करावा लागतो आणि त्याचे पैसेही दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

तेलगावला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. दक्षिणेला धारूरच्या बाजूचा बालाघाट स्पष्ट दिसत होता. धारूर घाटाची वळणे चढणारे उसाचे ट्रॅक्टर आणि इथल्या सपाटीवर पातळी मोजायचे लेव्हल यंत्र लावून उभे असलेले मोजणीदार यांच्यात हवाई अंतर फार नाही, पण रेल्वेने तो घाट चढायचा ठरवला असता तर हा मार्ग आणखी एका पिढीपर्यंत झाला नसता. पायथ्याने जाण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

जुन्या अभियंत्यांनी याच पठाराला वेगळे उत्तर दिले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेने ७६२ मिलिमीटरचा अरुंद गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, निवडला. गेज अरुंद असला की वळणे तीव्र घेता येतात, कटिंग लहान लागते, पूल हलके पुरतात. १८९७ साली कुर्डुवाडीच्या जंक्शनहून बार्शीपर्यंत निघालेली ती गाडी १९११ साली लातूरला पोहोचली. त्यांनी रेषेला डोंगराच्या अंगाने वळवले. आज १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी आपण डोंगराला रेषेच्या मापाने कापतो. पहिला मार्ग स्वस्त आणि लवकर होणारा होता, पण त्याची किंमत पुढच्या शंभर वर्षांनी दिली.

गुरुवार : सिरसाळा ते परळी

तेलगाव ते सिरसाळा आणि पुढे परळी हा टप्पा दिसायला अगदी सोपा, जवळजवळ सपाट. पण पायथ्याने जाण्याची एक किंमत असते. डोंगराच्या धारेवरून रेषा नेली तर तिला पाणी आडवे येत नाही, कारण पाणी तिथूनच दोन्हीकडे निघालेले असते. पायथ्याने नेली तर डोंगरातून उतरणारा प्रत्येक प्रवाह तिला छेदतो. कुंडलिका, वाण यांच्यासारख्या नद्या आणि त्यांच्या मधले असंख्य ओढे बालाघाटातून निघून उत्तरेला सिंदफणा-गोदावरीकडे जातात आणि रेषा पूर्वेला जाते. परिणामी दर थोड्या अंतरावर मोरी किंवा पूल. एका ठिकाणी काँक्रीटचे चौकोनी डबे एकमेकांना लागून बसवलेली मोरी पूर्ण झाली होती, तिच्या पंखभिंती बांधून झाल्या होत्या आणि दोन्ही बाजूंचा भराव यायचा होता. मोरीच्या पाठीशी मातीऐवजी दगड-मुरमाचा निचरा होणारा भराव नीट घातला नाही तर तिथे माती बसते, काँक्रीट मात्र बसत नाही, आणि गाडी जाताना त्या सांध्यावर प्रत्येक वेळी धक्का बसतो. नव्या मार्गांवर सुरुवातीला वेग कमी ठेवतात, हळूहळू वाढवतात. खडी दाबणारे टॅम्पिंग यंत्र फिरत राहते. रेल्वे सुरक्षा आयुक्त मार्ग तपासून परवानगी देतात तेव्हाही काम संपलेले नसते, भराव आणखी काही पावसाळे बसतच राहतो.

परळीला दुपारी पोहोचलो. वैजनाथाचे दर्शन घेऊन स्थानकावर गेलो. विकाराबादकडून लातूर रोडमार्गे येणारी आणि परभणीकडे जाणारी जुनी वाट इथे आहे, औष्णिक वीज केंद्रासाठी कोळसा याच वाटेने येतो. आमच्यासमोर यार्डात कोळशाची रिकामी झालेली गाडी उभी होती. भरलेली असताना अशी गाडी चार-पाच हजार टनांची असते, आणि चार दिवस डेमूच्या खिडकीतून व बांधांवरून जे पाहिले त्याचा अर्थ मला तिच्याकडे बघताना नीट लागला.

पुतण्याने तिथेच वहीत मांडले. चार हजार टन वजन आणि शंभराला एक चढ. टनामागे दहा किलो म्हणजे चाळीस टनांची ओढ केवळ चढासाठी, शिवाय सपाटीवर लागणारी दहा-एक टन. एकूण पन्नास. डब्ल्यूएजी-९ जातीच्या विजेच्या इंजिनाची सुरुवातीची ओढ ४६० ते ५२० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४७ ते ५३ टन. शंभराला एक एवढ्या चढावर ही गाडी थांबली तर एका इंजिनाने पुन्हा हलणे अवघड. दुसरे इंजिन लावावे लागेल किंवा माल कमी भरावा लागेल. हाच चढ दीडशेला एक ठेवला, जसा कोकण रेल्वेने ठेवला, तर चाळीसच्या जागी सत्तावीस टन लागतात आणि एक इंजिन पुरते. आखणीच्या वेळी धारेवर जो एक आकडा ठरतो, तो त्या मार्गावरची प्रत्येक मालगाडी किती टन नेईल हे पुढच्या शंभर वर्षांसाठी ठरवून टाकतो.

मराठवाड्याने हे अनुभवलेले आहे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला ५० वाघिणींची गाडी एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन येत होती. केवळ पाण्याचेच वजन अडीच हजार टन. मिरज ते कुर्डुवाडी आणि कुर्डुवाडी ते लातूर ही सगळी वाट म्हणजे जुनी बार्शी लाइट. तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झालेले होते म्हणूनच तो भार ती उचलू शकली. अरुंद गेजच्या इवल्या वाघिणींना ते शक्य नव्हते.

म्हणून बीडच्या गाडीत प्रवासी किती बसले यावर या मार्गाचे मोल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. डेमूला अमळनेरच्या अलीकडचा चढ जाणवतही नाही. ज्या दिवशी कापसाच्या गाठी, साखर, सिमेंट आणि खत भरलेल्या वाघिणी अहिल्यानगर ते परळी अशा सलग धावतील, त्या दिवशी १६७ किलोमीटरच्या त्या फेराचा, त्या तांबड्या थराच्या वरच्या पायरीचा आणि वडवणीच्या मुलाने थांबवलेल्या रोलरचा उपयोग कळेल. तोवर आष्टीपासून राजुरीपर्यंतच्या प्रत्येक कटिंगच्या माथ्यावरची पाणचर दर वर्षी मृगापूर्वी साफ करणारे हात रेल्वेने कायमचे नेमलेले असावेत, असे मला कळकळीने वाटते. कालव्यावर आमच्याकडे त्यासाठी चौकीदार असायचे, आणि जिथे ते पद रद्द झाले तिथे कालवे फुटले.